पूर बघितलेल्या गावाला पुराचा खेळ कसा दाखवायचा

आपल्या बेळगावच्या सीमाभागात पुराबद्दल कुणाला काही समजावून सांगायला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतंय, "आम्हाला काय सांगता ओ, २०१९ ला छातीभर पाण्यातनं म्हशी बाहेर काढलोय आम्ही." आणि ते खरंच असतंय. २००५, २०१९, २०२१ असे मोठे पूर बघितलेल्या कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा काठच्या माणसाला पूर म्हणजे काय हे स्लाईड लावून सांगणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं. अडचण वेगळीच आहे. ज्याने त्याने बघितलेला पूर त्याच्या डोक्यात फिक्स बसलाय. "आमच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर येत नाही" असं लोक इतक्या खात्रीनं सांगतात की ऐकणारा गप्पच बसतो. पण पुढचा पूर दोन फूट वर आला तर? रात्री दोनला आला तर? पाणी तेवढंच पण निम्म्या वेळात चढलं तर? हे कुणी बघितलेलं नाही आणि भाषणानं ते दिसत पण नाही. सिम्युलेशन लागतं ते एवढ्यासाठीच, न बघितलेला पूर स्वतःच्या हातानं आणून बघायला.

सिम्युलेशन म्हटलं की लगेच लॅपटॉप, प्रोजेक्टर, थ्रीडी असलं काही डोळ्यासमोर आणू नका. पत्र्याचा ट्रे आणि वाळू पण सिम्युलेशनच, हौजीच्या (तांबोल्याच्या) आकड्यांची पिशवी पण सिम्युलेशनच. अट एकच, मूठ लोकांच्या हातात पाहिजे, तुमच्या नाही. तुम्ही पाणी ओतताय आणि पन्नास माणसं लांबनं बघताहेत तर तो देखावा झाला, गणपतीत ठीक आहे. लोकांनी आधी अंदाज सांगायचा, मग स्वतः करून बघायचं, मग अंदाज कुठं चुकला यावर बोलायचं. अंदाज आधी घेतला नाही तर नंतर सगळेच म्हणतात "हे मला माहीतच होतं", त्यामुळं ही पायरी कितीही घाई असली तरी सोडू नका.

आधी प्रश्न ठरवा, सामान नंतर

एका कार्यक्रमात एकच गाव, एकच धोका आणि एकच निर्णय घ्या. आपल्याकडं दर पंधरा-वीस किलोमीटरला प्रश्न बदलतो. निपाणी-चिकोडी पट्ट्यात, म्हणजे यमगर्णी, भोज, कारदगा, सदलगा या बाजूला प्रश्न असतो की जनावरं आणि नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी कधी काढायच्या. गोकाकात वरती हिडकल धरण आहे, तिथं विसर्ग किती वाढला की बाजारपेठेतला माल वर हलवायचा आणि लोळसूर पुलावरनं जाणं कधी सोडायचं हा प्रश्न. बेळगाव शहरात वडगाव, शहापूर बाजूला बळ्ळारी नाला, तिथं नदी नाहीच, शिवारात पाणी तुंबतं आणि भात कुजतं. खानापूरला कणकुंबीच्या डोंगरात कोसळलेला पाऊस मलप्रभेत उतरतो, मधले ओढे-नाले भरतात आणि वाड्या तुटतात. आणि अथणी-कागवाडकडं तर गंमतच, डोक्यावर कडक ऊन, पेरणीला पाऊस नाही म्हणून लोक रडताहेत आणि कृष्णा मात्र दुथडी भरून चाललीय, कारण पाणी पडलंय सह्याद्रीत. अथणीच्या माणसाला "पाऊस पडला की पूर येतो" हा ट्रे दाखवून उपयोग नाही, त्याला वरचं पाणी किती वेळात खाली येतं हे दाखवायला पाहिजे.

निर्णय म्हणजे "जागरूक राहा" नव्हे. "कुठली खूण बुडाली की म्हशी सोडायच्या" हा निर्णय. असा प्रश्न एका ओळीत लिहिता येत नसेल तर कार्यक्रम आठवडाभर पुढं ढकला.

वाळूचा ट्रे

साधारण ३ फूट बाय २ फूट पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा ट्रे, काठ चार-पाच इंच तरी उंच. एका बाजूला खाली वीट, दुसऱ्या बाजूला पाणी जायला भोक आणि खाली बादली. नुसती वाळू घेतली तर नदी लगेच पसरते आणि काठ ढासळतात, थोडी लाल माती मिसळा, खानापूर-बेळगाव बाजूला ती फुकट मिळते. पूर्वेकडं काळी माती आहे, ती ओली झाली की चिकट राडा होतो, तिच्या नादाला लागू नका. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडली की पाऊस तयार. पाण्यात थोडा खायचा रंग टाका, मागच्या माणसांना पण दिसतं.

नदीचं वळण, ओढा, पूल आणि घरं (रिकाम्या काड्यापेट्या चालतात) ही मांडणी मात्र गावातल्या लोकांकडनंच करून घ्या. "देऊळ इकडं नव्हं, तिकडं" असा वाद सुरू झाला की समजा कार्यक्रम लागला. तुम्ही घरनं तयार करून नेलेला सुंदर ट्रे कुणाचंच गाव नसतो.

मग तीन फेऱ्या. पहिलीत डोंगराच्या जागी स्पंज ठेवायचा आणि एक बाटली पाणी हळू ओतायचं. दुसरीत स्पंज काढून प्लास्टिकचा कागद, पाणी तेवढंच, वेळ तेवढाच. स्पंज म्हणजे पाणी मुरवणारी जमीन, कागद म्हणजे न मुरवणारी. लोक मोबाईलवर सेकंद मोजतील, पुलाजवळ पाणी किती लवकर आलं आणि किती चढलं. तिसरी फेरी बेळगाव शहरासाठी खास, नाल्यात थर्माकोलचे तुकडे आणि दोन्ही काठाला भराव टाकून नाला निम्मा करायचा. इथं कुणाचा प्लॉट, कुणाचं अतिक्रमण अशी कुजबुज सुरू होते, होऊ द्या, पण नाव घेऊन बोलायला लागले की हसून पुढं चला नाहीतर पूर राहील बाजूला.

ट्रेला एक मर्यादा आहे आणि ती तोंडानं सांगायची. ट्रेमधलं पाणी खऱ्या नदीसारखं वागत नाही, उंची आणि वेळ यांचे आकडे त्यातनं काढायचे नाहीत. काय आधी, काय नंतर, कशानं वाढतं, एवढंच त्यातनं शिकायचं.

गावाचा खरा उंचसखल नकाशा, गवंड्याच्या पाईपनं

कॉम्प्युटरवाले मित्र इथं उडी मारतात, "उपग्रहाचा उंचीचा डेटा फुकट मिळतो, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकू, पाणी वर चढवून दाखवू." मिळतो खरा, पण त्यातला एक ठिपका साधारण ३० मीटरचा आणि उंचीत काही मीटरची चूक असू शकते. आता गल्लीत हे घर बुडणार आणि ते नाही हा फरक असतो दोन-तीन फुटांचा. असल्या नकाशावर एखाद्याचं घर कोरडं दिसलं आणि तो निर्धास्त झोपला तर? मोठा परिसर दाखवायला, पाणलोट कुठून कुठपर्यंत आहे ते दाखवायला हा डेटा चांगला, गल्लीसाठी नको.

गल्लीसाठी गवंड्याचा लेव्हल पाईप वापरा. पारदर्शक नळी, आत पाणी, बुडबुडा राहू द्यायचा नाही. देवळाच्या भिंतीवर, शाळेच्या खांबावर २०१९ ची खूण बहुतेक गावांत आहेच, नसली तर दोन-तीन वयस्कर माणसांना वेगवेगळं विचारा आणि जुळतंय का बघा. त्या खुणेवर नळीचं एक टोक धरायचं, दुसरं टोक पुढच्या घरापाशी, दोन्हीकडं पाणी एका लेव्हलला आलं की तिथं खडूची रेघ. असं घरोघर पुढं जायचं. पोरं हे काम भारी करतात आणि निम्मं गाव विचारायला येतं "काय चाललंय रे", म्हणजे प्रचार आपोआप. फक्त एक लक्षात ठेवा, नदीच्या पाण्याला पण उतार असतो, वरच्या गावची खूण खालच्या गावाला लावायची नाही, एका वस्तीपुरतंच हे चालतं.

आता हे सगळं गूगल शीटमध्ये टाकायचं. पहिल्या रकान्यात जागेचं नाव, डेअरी, पूल, मराठी शाळा, कन्नड शाळा, तात्यांचा गोठा, पाण्याची टाकी. दुसऱ्यात त्या जागेची उंची, ठरवलेल्या एका पक्क्या दगडापासून किंवा पुलाच्या स्लॅबपासून किती फूट वर किंवा खाली (खडूच्या रेघेपासून खाली मोजून हे निघतं). वर एका चौकटीत "आजचं पाणी" असा एकच आकडा, तोही त्याच दगडापासून मोजलेला. तिसऱ्या रकान्यात त्या आकड्यातनं उंची वजा करायची आणि उत्तर शून्याच्या वर गेलं की रकाना लाल होईल अशी कंडिशनल फॉरमॅटिंग लावायची. झालं सिम्युलेशन. फोन आक्कांच्या हातात द्या, त्या आकडा वाढवतील आणि एकेक जागा लाल होत जाईल. हायस्कूलच्या पोरांना स्क्रॅच (मुलांसाठीचं सोपं प्रोग्रॅमिंग) येत असेल तर त्यांच्याकडनं याचंच चित्रवालं रूप करून घ्या, स्लायडर ओढला की पाणी चढतंय असं, पण शीट आधी.

यात बघायचं काय ते सांगतो. घर लाल होण्याच्या बऱ्याच आधी रस्ता लाल होतो. आपल्या बहुतेक नदीकाठच्या गावांत हेच आहे, घर उंचावर पण बाहेर जायचा पूल किंवा ओढ्यावरची मोरी खाली. लोक पायरी बघत बसतात, बघायला पाहिजे मोरी. हा एक मुद्दा लोकांना त्यांच्याच गावाच्या नावांनिशी दिसला तर बाकी काही नाही कळलं तरी चालेल असं माझं मत आहे. आणि शीटला न कळणारी गोष्ट पण सांगा, पाणी नेहमी नदीकडनं सरळ येत नाही, ओढ्यातनं उलटं फुगून मागच्या बाजूनं येतं, त्यामुळं उंचीनं नंतर बुडायला पाहिजे अशी जागा कधी कधी आधी वेढली जाते. अशा जागा म्हाताऱ्या माणसांना माहीत असतात, त्यांच्याकडनं विचारून शीटमध्ये पिवळा रंग द्या.

क्युसेक आणि टीएमसी

पावसाळ्यात रोज बातमी येते, राजापूर बंधाऱ्यातनं कृष्णेत इतकं, दूधगंगेतनं इतकं, मिळून कल्लोळजवळ इतके क्युसेक. ऐकतात सगळे, अर्थ थोड्यांना लागतो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. १ लाख क्युसेक अख्खा दिवस वाहिलं तर ८.६४ टीएमसी होतात, १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट पाणी. हिडकलची क्षमता ५१ टीएमसी आहे, म्हणजे १ लाखानं सोडलं तर सहा दिवस लागतील रिकामं व्हायला, आणि वरनं येणारं चालूच असतंय ते वेगळं. पावसाचं पण असंच, १०० मिलिमीटर पाऊस एका गुंठ्यावर पडला तर जवळपास १० हजार लिटर, म्हणजे मोठा टँकर. एकराला चाळीस टँकर. हे फळ्यावर लिहू नका, लोकांना मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करायला लावा. स्वतः गुणाकार केलेला माणूस तो आकडा पानटपरीवर चार जणांना सांगतो.

त्याच शीटला दुसरं पान जोडायचं, राजापूरचा आकडा, दूधगंगेचा आकडा, बेरीज, आणि शेजारी मागच्या पुरांत तेवढ्या क्युसेकला गावात पाणी कुठं होतं. हे शेवटचं पेपरच्या जुन्या कात्रणांवरनं आणि लोकांच्या फोनमधल्या तारखेसकट असलेल्या फोटोंवरनं भरता येतं. एक-दोन पावसाळ्यांत बरंच भरतं. पावसाचे आकडे कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राकडनं, म्हणजे केएसएनडीएमसीकडनं मिळतात, त्यांची आपोआप चालणारी पर्जन्यमापकं ग्रामपंचायतींच्या पातळीवर बसवलेली आहेत. गूगलच्या फ्लड हब या पुराचा अंदाज देणाऱ्या वेबसाईटवर आपल्या नदीचा पॉइंट आहे का ते पण बघून ठेवा.

एक सावधगिरी, हा विषय निघाला की कुणीतरी अलमट्टी धरणामुळं पूर येतो का हा जुना वाद काढणारच, आणि मग कर्नाटक-महाराष्ट्र सुरू. त्यावर तासभर भांडता येतं. "अलमट्टी कुणाचीही चूक असू दे, मंगळवारी रात्री तुमची मोरी बुडणार आहे, म्हशी कधी सोडणार?" असं विचारलं की गाडी रुळावर येते.

पत्त्यांचा खेळ, हा मुख्य कार्यक्रम

पाच-सहा जणांचं एक टेबल, प्रत्येक टेबल म्हणजे एक कुटुंब. दोन म्हशी, एक रेडकू, नदीवर एक मोटार, ज्वारीची पोती, एक आजी जिला चालता येत नाही, एक टू-व्हीलर. प्रत्येक फेरी म्हणजे तीन तास. दर फेरीला एक कागद वाचायचा, घाटात पाऊस किती, विसर्ग किती, कल्लोळला किती, आणि गावातली एक खूण, "स्मशानभूमीचा कट्टा बुडाला" असं काहीतरी. एका फेरीत दोनच कामं करता येतात, मोटार काढणं एक काम, जनावरं हलवणं एक काम, आजीला पाव्हण्यांकडं सोडणं एक काम. मोरी बुडाली की बाहेर जायची कामं बंद. रात्रीच्या फेरीत एकच काम.

काही टेबलं आधी मोटार काढतात, कारण मोटार म्हणजे पैसा, आणि आजी राहून जाते. हे बघून कुणाला हसू नका, खऱ्या पुरात पण माणूस असाच विचार करतो आणि त्याच्या जागी ते चुकीचं पण नसतं, मोटार गेली तर वर्षाचं पीक गेलं. चर्चा अशी करा की मोटार आणि आजी दोन्ही व्हायला पहिलं काम कुठल्या फेरीत सुरू करायला पाहिजे होतं. बहुतेकांचं उत्तर "दोन फेऱ्या आधी" येतं, आणि तेव्हा हातात कुठला कागद होता ते उलटून बघायचं. तोच कागद त्या गावाचा इशारा.

एक डाव असा ठेवा ज्यात पाणी चढतं आणि उतरतं, गाव बुडतच नाही. जे लवकर निघाले त्यांची दोन दिवसांची मजुरी गेली, म्हशीचं दूध घटलं, लोक चेष्टा करताहेत. हा डाव नसला तर सगळा खेळ खोटा वाटतो, कारण लोकांनी अशी फसलेली सूचना अनुभवलेली असते. मग त्यांनाच विचारा, पुन्हा तसाच कागद आला तर निघणार का? इथं जे बोलणं होतं ते कुठल्याही भाषणात होत नाही.

वाहत्या पाण्याचं पण एक पान घाला, कारण आपल्याकडं पुलावरनं पाणी जात असताना बाईक घालणारे शूर कमी नाहीत. अर्धा फूट जोरात वाहणारं पाणी चालत्या माणसाला पाडू शकतं, १ फुटात छोटी कार तरंगायला लागते, २ फुटात बहुतेक गाड्या वाहून जातात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. ट्रेमध्ये झाकण लावलेला प्लास्टिकचा डबा, आत थोडे खडे, पाणी हळूहळू वाढवत तो कधी सुटतो ते पोरांना बघू द्या.

"शंभर वर्षांतला पूर" आणि हौजी

शंभर वर्षांतनं एकदा येणारा पूर २०१९ ला येऊन गेला, आता आमच्या हयातीत नाही, असं समजणारे खूप आहेत. खरा अर्थ असा की दर वर्षी १०० त १ शक्यता, गेल्या वर्षी आला म्हणून यंदा कमी होत नाही. हे हौजीच्या पिशवीनं दाखवा. ९० आकडे, त्यातला ९० नंबर म्हणजे मोठा पूर. एकेक जण तीस वेळा आकडा काढून परत पिशवीत टाकतो, तीस वर्षं झाली. दहा जणांनी केलं तर साधारण तिघांना तरी पूर लागतो, एखाद्याला दोनदा पण लागतो. नेमकं १ टक्का धरलं तर तीस वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे घराचं कर्ज फिटायच्या आत चारात एक. नदीकाठी नवीन घर बांधणाऱ्याला ही पिशवी नक्की धरायला द्या.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी

सगळे कागद मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही, एकाच आकाराच्या अक्षरात. यावर वाद नको, घरात मराठी बोलणारं पोरगं कन्नड शाळेत असू शकतं आणि डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसची सूचना कन्नडमध्येच येते, तेव्हा "गंजी केंद्र", म्हणजे पूरग्रस्तांची जेवणा-राहण्याची सोय, कुठं उघडलंय हे वाचता आलं पाहिजे. वेळ मे महिन्याचा शेवट ते मृगाच्या आधी, पेरणी सुरू झाली की कोण येणार नाही. गणपतीत मंडपात ठेवलं तर गर्दी मिळते पण तोवर पूर येऊन गेलेला असतो. बायकांसाठी स्त्रीशक्ती संघाची (बचत गटाची) बैठक धरा, वेगळी घ्या, कारण पुरुष असले की फोन त्यांच्याच हातात राहतो. आणि अंधार, लाईट जाणं धरून चाला, प्रोजेक्टरवर अवलंबून राहू नका, शीट फोनमध्ये ऑफलाईन उतरवून ठेवा.

तयार गोष्टी हव्या असतील तर संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती कार्यालयाचा "स्टॉप डिझास्टर्स" हा फुकट ऑनलाईन गेम आहे, पूर, भूकंप वगैरे, शाळेतल्या पोरांना आवडतो, पण गाव आपलं नसतं. वाळूवर प्रोजेक्टरनं रंग पडतात आणि हात वर धरला की पाऊस पडतो असा एआर सँडबॉक्स कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधनं आला, एखाद्या कॉलेजनं केला तर भारी, गावोगाव फिरवायच्या कामाचा नाही. वळवाच्या विजांसाठी खेळापेक्षा दामिनी किंवा सिडिलू हे विजांचा इशारा देणारं ॲप फोनमध्ये उतरवून देणं बरं.

ज्याचं घर २०१९ ला पडलं त्याच्या घराची काड्यापेटी ट्रेमध्ये त्याला न विचारता बुडवू नका. वाहून गेलेल्या माणसांचे, जनावरांचे व्हिडिओ लावू नका, त्यानं लोक घाबरतात आणि उठून जातात. धरण फुटणार असल्या व्हॉट्सॲप मेसेजचा डाव करायचा असेल तर करा, पण खरा विसर्गाचा आकडा कुठं बघायचा ते त्याच फेरीत दाखवा.

उपयोग झाला का ते बघायला तीनच प्रश्न, आधी आणि नंतर तेच: तुमचा बाहेर जायचा रस्ता कुठं आधी बुडतो, कुठली खूण दिसली की जनावरं सोडणार, आजीला कोण नेणार. टाळ्या मोजू नका. महिन्यानं तिथल्या डेअरीवर सकाळी जाऊन परत विचारा, ज्याला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या नावासकट देता आलं तो धरायचा. आणि शीटचा मालक गावातलाच कुणीतरी करा, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) किंवा तलाठी बदलून जातात, डेअरीचा सेक्रेटरी किंवा हायस्कूलचे सर बरे. पाणी ओसरलं की त्याच आठवड्यात नवीन खूण मारून आकडा भरायचा, चिखल धुतला की खूण पण जाते.